हंडा कुणाचा?



कंधार, औसा, उदगीर. आपल्या नांदेड-लातूरकडच्या या किल्ल्यांचे नाव निघाले की गुप्तधनाची गोष्ट मागोमाग येतेच. गावोगावच्या पडक्या गढ्यांचेही तेच. कुणाच्या तरी आजोबांनी 'बीजक' पाहिलेले असते. दोन-चार कोड्यात टाकणाऱ्या ओळी, त्यात एखादे झाड, एखादी पायरी, सावली कुठवर पोहोचते याची खूण. बीजक म्हणजे पुरलेल्या धनाचा ठावठिकाणा सांगणारा लेख. संत कबीरांच्या ग्रंथाचे नावही तेच आहे.

आम्हांला त्याविषयी एक प्रश्न पडतो. ते लिहिले कुणासाठी?

लोक धन का पुरत, हे आपल्या भागात समजावून सांगायला नको. बँका नव्हत्या, दरोड्यांची भीती होती. रझाकारांच्या धामधुमीत घर सोडताना दागिने जमिनीत ठेवल्याच्या गोष्टी जुनी माणसे सांगत. पुरणारा परत येणार होता. तो नाही तर त्याची मुले. खूण कोड्यात घातली ती परक्याला कळू नये म्हणूनच. म्हणजे ते एक पत्र होते आणि त्यावर आपले नाव नव्हते. कोडे सोडवणारा हुशार असेल, पण तो दुसऱ्याचे पत्र वाचत असतो.

अमेरिकेत मात्र एकाने असे पत्र सर्वांच्या नावे लिहिले. फॉरेस्ट फेन या कलावस्तूंच्या व्यापाऱ्याने सोन्याची नाणी आणि रत्ने भरलेली पेटी रॉकी पर्वतात लपवली. 2010 साली आपल्या पुस्तकात 24 ओळींची कविता छापून, ज्याला सापडेल त्याची पेटी, असे त्याने जाहीर केले. इथे चोरीचा प्रश्नच नव्हता. हजारो लोक नकाशे पसरून बसले. कवितेत पाण्याची खूण होती. ज्याला त्याला ते पाणी स्वतःला हव्या त्या नदीवर सापडले. या शोधात किमान पाच जणांनी जीव गमावला. 2020 साली पेटी वायोमिंग राज्यात मिळाली. धनी स्वतः 'घेऊन जा' म्हणत होता, तरी ही गत. कवितेपेक्षा आपली इच्छाच माणसे अधिक वाचत होती, असे आम्हांला वाटते.

आपल्याकडे ती इच्छा कुठवर गेली ते मानवतने पाहिले. शेजारच्या परभणी जिल्ह्यातील या गावी 1972 ते 1974 या काळात स्त्रिया आणि लहान मुलींचे खून झाले. त्यामागे गुप्तधनाची हाव होती, असा खटल्यात आरोप होता. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यालाही गुप्तधनाचे नाव घ्यावे लागले.

प्रभू येशूने शेतात लपवलेल्या ठेवीचा दृष्टांत सांगितला आहे (मत्तय 13:44). एका माणसाला ठेव सापडते. तो ती पुन्हा लपवतो, आनंदाने आपले सर्वस्व विकतो आणि ते शेत विकत घेतो. त्याने मालकाला सांगितले का? दृष्टांत त्यावर गप्प आहे आणि प्रवचनातही ही जागा बहुधा चटकन ओलांडली जाते. दृष्टांत स्वर्गराज्याच्या मोलाचा आहे, जमिनीच्या व्यवहाराचा नाही, हे खरेच. तरी तो जुना मालक आमच्या मनातून जात नाही.

आपल्या देशात या प्रश्नाला 1878 च्या कायद्याने उत्तर दिले आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीची ठेव सापडली की कलेक्टरला कळवायचे. पुरणाऱ्याचा वारस पुढे आला नाही आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक जागेच्या मालकाचा. लपवून ठेवले तर शोधणाऱ्याचा हिस्सा जातो आणि शिक्षाही होते.

आता समजा, आपल्या घराचा पाया खणताना मजुराची कुदळ हंड्यावर आपटली. आवाज त्याने आणि आपण, दोघांनीच ऐकला. संध्याकाळी त्याच्या हातावर रोजची मजुरी ठेवून त्याला घरी पाठवायचे, की त्याला सोबत घेऊन कलेक्टर कचेरीत जायचे?