उद्देशाचा रकाना

सरकारी कचेरीत ज्याचे आयुष्य जाते त्याला कागदाचे भय राहत नाही. दुसऱ्याच्या मागणीला योग्य शब्द देणे, वरिष्ठांच्या मनातील नकाराला नियमाचा आधार शोधून देणे, आणि जो निर्णय अद्याप कोणी घेतलेलाच नाही त्याचेही व्यवस्थित टिपण करून ठेवणे, हा आमचा नित्याचा व्यवसाय. असे असता गेल्या हिवाळ्यात एका प्रवेशअर्जातील एका रकान्यापाशी आम्ही तीन आठवडे अडून राहिलो. तो रकाना उद्देशाचा होता. सामाजिक शास्त्रांतील पदव्युत्तर अभ्यासक्रमास आपण कशासाठी येऊ इच्छिता, एवढेच त्यात लिहावयाचे होते.

आमची हकीकत थोडक्यात अशी. सोलापुरास अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालो, कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा दिली आणि कारकून म्हणून दिल्लीस आलो. त्याला आता बारा वर्षे होतील. पुढे शिकावयाचे राहून गेले ही खंत परप्रांती नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असते. बिऱ्हाड, मुलांची शाळा आणि गावाकडची दुखणी यांखाली ती दबून राहते इतकेच. पस्तिशीच्या उंबरठ्यावर आमच्या बाबतीत ती दबेनाशी झाली. केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी २०२२ पासून सामायिक परीक्षा सुरू झाली आहे. त्या वाटेने जाणाऱ्यास उद्देश कोणी विचारीत नाही, गुण विचारतात. परंतु काही संस्था अजूनही अर्जदाराकडून निवेदन मागवितात आणि ते वाचून मुलाखतीस बोलावितात. आम्ही अशा तीन संस्था निवडल्या. एकीकडे सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रम होता, दुसरीकडे अर्थशास्त्राचा, तिसरीकडे समाजशास्त्राचा.

मसुदे लिहिण्यास आम्हांस तीन संध्याकाळी पुरल्या. धोरणवाल्यांस आम्ही लिहिले की उत्तरदायी प्रशासनाच्या ध्यासाने आम्हांस पछाडले आहे. अर्थशास्त्रवाल्यांस कळविले की विकासाच्या गणिताची ओढ आम्हांस विद्यार्थिदशेपासून आहे. समाजशास्त्रवाल्यांपुढे आम्ही सामाजिक विषमतेने अस्वस्थ झालेले तरुण म्हणून उभे राहिलो. तिन्ही मसुदे भाषेच्या दृष्टीने निर्दोष होते. आमच्या सौभाग्यवतींनी ते जेवणानंतर एकामागून एक वाचले आणि विचारले, "अहो, हे तिघे जण कोण? मी तर यांतल्या एकालाही ओळखत नाही." त्या रात्रीपासून आम्ही अडलो.

प्रश्न असा की, यात काही अनीती होती काय? सकृद्दर्शनी नव्हती असेच वाटते. प्रत्येक व्यवहाराची एक ठरीव भाषा असते. पत्राच्या शेवटी 'आपला विश्वासू' लिहिणाऱ्यावर विश्वासघाताचा आरोप कोणी करीत नाही. लग्नपत्रिकेतील आग्रहाच्या निमंत्रणाने कोणी फसत नाही. मग प्रवेशअर्जातील ध्यास आणि ओढ यांनाच तेवढी सत्याची कसोटी का लावावी? आमच्या शेजारच्या टेबलावर एक वडीलधारे सहकारी बसतात. त्यांना सारे नाना म्हणतात. त्यांनी हाच युक्तिवाद केला. "अहो, वाचणाऱ्यालाही ठाऊक असते की सगळे असेच लिहितात. तिन्ही अर्ज भरा आणि मिळेल तिथे जा."

नानांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. तथापि विचार करता करता एक भेद आमच्या ध्यानी आला. 'आपला विश्वासू' या शब्दांवर पुढे काहीच उभारले जात नाही. सही झाली की त्यांचे काम संपते. उद्देशाच्या निवेदनावर मात्र दोन वर्षांचे आयुष्य उभारावयाचे असते. निवडणारे त्याच्या भरवशावर मर्यादित जागांपैकी एक जागा आपल्याला देतात, म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी नाकारतात. आणि त्याहून वाईट असे की, जे तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिले आहे त्याच्या आधारे आपली आपल्यालाही निवड करता येत नाही. समजा तिन्हीकडून होकार आला, तर कोणाचे ऐकावे? ज्या तीन माणसांना बोलावणे आले ते तिघेही कागदावरचे. जाणार होता चौथाच, आणि त्याला कोणी काही विचारलेच नव्हते.

मग आम्ही त्या चौथ्याला विचारावयाचे ठरविले. पुढे काय शिकावेसे वाटते, असे न विचारता, गेल्या बारा वर्षांत कोणत्या गोष्टीने आपले कुतूहल खरोखर जागे ठेवले, असे विचारले. उत्तर येण्यास वेळ लागला नाही. आमच्या सेक्शनकडे निवृत्तिवेतनाचे काम आहे. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी दूरदूरच्या खेड्यांतून अर्ज येतात. पूर्वी सारे टपालाने येत, आता बरेचसे संगणकावरून येतात. त्यांतील एकही नाव वा प्रकरण आम्ही येथे सांगणार नाही. परंतु कोणीही कारकून सांगेल की अर्जाचे दोन प्रकार असतात. एकात योग्य नियम, योग्य तारीख आणि योग्य जोडपत्रे असतात. दुसऱ्यात नवऱ्याच्या मृत्यूची हकीकत, घरातील अडचण आणि देवाचे नाव असते. अधिकार दोघींचाही सारखाच. पण पहिलीचे काम पुढे सरकते आणि दुसरीला त्रुटींचे पत्र जाते. पहिलीचा अर्जही बहुधा तिने स्वतः लिहिलेला नसतो. कोणी मास्तर, कोणी तहसिलीबाहेर बसणारा अर्ज लिहून देणारा, आज कोणी संगणक केंद्रावरचा मुलगा तो लिहितो. हक्क आणि माणूस यांच्यामध्ये उभा असलेला हा लिहिणारा कोण? तो कोणाला सहज भेटतो आणि कोणाला भेटत नाही? हा आमचा प्रश्न होता. त्रुटींचे पत्र लिहिणारा हात आमचाच असल्यामुळे तो निव्वळ कुतूहलाचा प्रश्नही नव्हता.

प्रश्न हाती आल्यावर अभ्यासक्रमांची परीक्षा निराळ्याच रीतीने होऊ लागली. अर्थशास्त्र या प्रश्नाकडे पाहील ते विलंबाची किंमत आणि मध्यस्थाचा मोबदला यांच्या अंगाने. ते मोजेल, आणि मोजणे आवश्यकच आहे. धोरणाचा अभ्यास विचारील की अर्जाचा नमुना सोपा कसा करावा. समाजकार्य विचारील की या बाईला आज मदत कोण करील. आणि नीतीच्या दृष्टीने हा प्रश्न सर्वांत आधीचा आहे हे आम्ही मान्य करतो. समाजशास्त्र विचारील की गावात कोण कोणाच्या अंगणात जाऊ शकतो, कोणाच्या हातचा कागद कोण लिहितो, आणि यात जात, नाते व शेजार यांचा वाटा किती. आम्हांला ठाऊक करून घ्यावयाचे होते ते हे शेवटचे. यात कोणतेही शास्त्र श्रेष्ठ वा कनिष्ठ ठरत नाही. मात्र एकाच प्रश्नाचे चार शास्त्रांत चार निरनिराळे प्रश्न होतात, आणि त्यांतला आपला कोणता हे आपल्यावाचून दुसरा कोणी सांगू शकत नाही.

येथे एक मोह आडवा आला, तोही सांगितला पाहिजे. निवेदनात एक वाक्य घालण्याचा विचार मनात आला होता: "अशी शेकडो प्रकरणे आमच्या नित्य परिचयाची आहेत." निवडणाऱ्यांवर त्याची छाप खात्रीने पडली असती. परंतु ती प्रकरणे आमची नाहीत. ती त्या बायकांची आहेत आणि विश्वासाने कचेरीच्या स्वाधीन झालेली आहेत. केंद्रीय नागरी सेवांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार कार्यालयीन माहिती अनधिकाराने बाहेर देता येत नाही. नियम नसता तरीही गोष्ट तीच राहिली असती. एकीने निवृत्तिवेतनासाठी लिहिलेला कागद दुसऱ्याच्या पदवीसाठी वापरावयाचा असेल तर तिला विचारावयास हवे. आणि विचारावयाचे तर तिच्या गावी जाऊन, कारकून म्हणून नव्हे तर विद्यार्थी म्हणून. ते वाक्य आम्ही लिहिले नाही.

आता संस्था निवडण्याविषयी. लोक नाव पाहतात, शुल्क पाहतात, पुढे काय मिळेल ते पाहतात. या कसोट्यांना आम्ही तुच्छ लेखणार नाही. ज्याच्या पगारावर पाच माणसे जेवतात त्याला शुल्काचा तक्ता आधी वाचावा लागतो. परंतु आपल्याच प्रांतातील सामाजिक शास्त्रांचा इतिहास पाहिला तर आणखी एक कसोटी दिसते. गोविंद सदाशिव घुर्ये मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर विलायतेस गेले ते प्रथम लंडनला, हॉबहाऊस यांच्याकडे. तेथे आपल्या जिज्ञासेचे समाधान होत नाही असे दिसताच ते केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे गेले. १९२२ मध्ये रिव्हर्स वारले; घुर्ये यांनी काम पुरे केले आणि १९२४ पासून मुंबईच्या समाजशास्त्र विभागाची धुरा वाहिली. त्यांच्या शिष्या इरावती कर्वे १९२८ मध्ये एम.ए. होऊन बर्लिनला गेल्या. तेथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे पुरस्कर्ते. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील विषमतेचा वंशाशी संबंध आहे काय, हा अभ्यासाचा विषय होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध मोजमापांत आढळत नाही असे लिहिले. एकाने प्रश्नासाठी गुरू बदलला. दुसरीने गुरूसमोर बसून उत्तर बदलण्याचे नाकारले. दोन्ही उदाहरणांत संस्थेचे नाव दुय्यम ठरले आहे.

राहिला ऋणाचा प्रश्न. सरकारी नोकराला अध्ययन रजा मिळू शकते. त्यासाठी सामान्यतः पाच वर्षांची सेवा झालेली असावी लागते, साऱ्या सेवाकाळात मिळून मर्यादा चोवीस महिन्यांची असते, आणि परत आल्यावर तीन वर्षे सेवा करण्याचे बंधपत्र द्यावे लागते. या रजेच्या अर्जातही उद्देश लिहावा लागतो. आमच्या लेखणीने सवयीने लिहिले की सदर अध्ययनामुळे सेक्शनच्या कामाचा निपटारा जलद होईल. हे खरे नव्हते. म्हणून आम्ही १९७२ चे रजा नियम पुन्हा काढून वाचले. त्यांत असे आढळले की ज्या अध्ययनाचा नोकराच्या कामाशी थेट संबंध नाही, पण ज्याने त्याचे मन व्यापक होऊन तो अधिक चांगला लोकसेवक होईल, त्यासाठीही रजा देता येते. बारा वर्षे नियम उद्धृत करणाऱ्या आम्हांस हे कलम ठाऊक नव्हते. सरकार आपल्याकडून खोट्या उपयुक्ततेचीच अपेक्षा करते, असे आम्ही गृहीत धरले होते. नियम आमच्या मसुद्यापेक्षा उदार निघाला.

बंधपत्राविषयी बोलताना डॉ. आंबेडकरांचे स्मरण अपरिहार्य आहे. १९१३ मध्ये ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोदे संस्थानची सेवा करण्याचा करार करून. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनचे अध्ययन अर्धवट टाकून १९१७ मध्ये ते परतले आणि करार पाळण्यासाठी बडोद्यास रुजू झाले. अस्पृश्य म्हणून त्यांना त्या शहरात राहावयास जागा मिळाली नाही आणि नोकरी सोडावी लागली. पुढे मुंबईस प्राध्यापकी करून, पैसे साठवून, शाहू महाराजांच्या साहाय्याने ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले व १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. त्यांनी आपली बाजू पाळली. पाळली नाही ती समाजाने. एवढ्या थोर चरित्राशी आमच्या क्षुल्लक रजेची तुलना करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु शिकण्यासाठी घेतलेले ऋण खरे मानावे, एवढे त्यातून कोणालाही घेता येईल. तीन वर्षांचे बंधपत्र आम्हांला आता जाचक वाटत नाही. ज्या टेबलावर प्रश्न सापडला त्या टेबलाशी परत येण्याचे ते वचन आहे.

नानांना आम्ही एक गोष्ट मान्य केली. एकविसाव्या वर्षी ज्याला आपला प्रश्न अजून गवसलेला नाही त्याने चार ठिकाणी अर्ज करावेत. त्यात गैर काही नाही. फक्त 'मला अद्याप नक्की ठाऊक नाही, पण अमुक गोष्टीचे कुतूहल आहे' असे लिहिण्याचे धैर्य त्याने दाखवावे, आणि वाचणाऱ्यांनी त्या वाक्याचा मान राखावा. आमच्या वयाला ती सवलत नव्हती. आम्ही दोन अर्ज भरलेच नाहीत. त्यांपैकी एक संस्था तिघींत सर्वांत नामांकित होती. तिसऱ्या अर्जात अर्ज लिहून देणाऱ्यांविषयीचा आमचा प्रश्न जसा होता तसा लिहिला, आणि आम्हांला अंगणात बसून ऐकण्याचे शिक्षण नाही, ते हवे आहे, असेही लिहिले. सौभाग्यवतींनी वाचून म्हटले, "हे तुम्ही आहात. पण निवडतील का?"

ते आम्हांस ठाऊक नाही. मुलाखतीचे बोलावणे आले आहे आणि रजेची फाईल वरिष्ठांकडे आहे. दोन्हीकडून नकार आला तर वर्ष वाया गेले असे म्हणावे लागेल आणि वाईटही वाटेल. ते लपविण्यात अर्थ नाही. मात्र काल त्रुटींचे एक पत्र लिहावयाचे होते. नेहमीप्रमाणे तीन कलमे उद्धृत करून झाल्यावर, कोणते दोन कागद जोडावयाचे आणि ते कोठे मिळतात, हे आम्ही खाली साध्या हिंदीत चार ओळींत लिहिले. सेक्शन ऑफिसरांनी त्या ओळी वाचल्या, क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि सही केली.