दिसणे आणि पाहणे

एखादे छायाचित्र मनाला भिडले, की आपण छायाचित्रकाराला हमखास विचारतो, "कॅमेरा कोणता वापरता?" मूर्ती पाहून शिल्पकाराच्या छिन्नीची किंमत कोणी विचारीत नाही, मग छायाचित्राचे श्रेय यंत्राला देण्याची एवढी घाई का? बटण दाबले की चित्र उमटते, एवढे आपल्याला ठाऊक असते. बटण दाबण्यापूर्वी छायाचित्रकाराच्या मनात काय घडले, ते मात्र आपल्या लक्षात येत नाही.

यंत्राचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. अंधूक प्रकाशात चांगले भिंग उपयोगी पडते. धावता घोडा स्थिर टिपायचा, तर शटर वेगवान हवे. परंतु कशासमोर उभे राहावे आणि किती वेळ उभे राहावे, हे कोणतेही भिंग सांगत नाही. मराठीने 'दिसणे' आणि 'पाहणे' ही दोन क्रियापदे वेगळी ठेवली आहेत. दिसणे आपोआप घडते. पाहण्यासाठी मन गुंतवावे लागते. कॅमेऱ्याचे काम पहिल्या क्रियापदापाशी संपते. दुसरे माणसाच्या वाट्याचे आहे.

प्राग शहरातील योसेफ सुदेक यांनी पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला. तरीही जुने, अवजड कॅमेरे घेऊन ते आयुष्यभर काम करीत राहिले. १९४० ते १९५४ या काळात त्यांनी आपल्या स्टुडिओच्या खिडकीतून छायाचित्रे काढली. काचेवरचे दव, अंगणातले वाकडे झाड, खिडकीत ठेवलेला पेला, एवढेच त्यांचे विषय. तीच खिडकी ते वर्षानुवर्षे पाहत राहिले, आणि दर ऋतूत ती त्यांना नवी वाटली.

सुदेक एका जागी थांबून पाहत राहिले. कधी कधी मात्र पाहण्यासाठी मागे वळावे लागते. मार्च १९३६ मध्ये, अमेरिकेतील महामंदीच्या काळात, डोरोथिया लँग सरकारी कामगिरीवरून मोटारीने घरी परतत होत्या. महिनाभराच्या श्रमांनी त्या थकल्या होत्या. पाऊस पडत होता. कॅलिफोर्नियातील निपोमो येथे मटार खुडणाऱ्या मजुरांच्या छावणीची पाटी त्यांना दिसली. त्या पुढे निघून गेल्या. आपल्यापाशी पुरेशी छायाचित्रे आहेत, अशी मनाची समजूत घालीत त्या सुमारे २० मैल गेल्या आणि अखेर त्यांनी गाडी मागे वळविली. छावणीत त्यांना मुलांसह बसलेली एक ३२ वर्षांची माता भेटली. थंडीने पीक गोठले होते आणि मजुरांना काम उरले नव्हते. लँग यांनी जवळ जात मोजकीच छायाचित्रे घेतली. 'मायग्रंट मदर' या नावाने त्यांपैकी एक जगभर पोहोचले. वर्तमानपत्रात बातमी येताच सरकारने छावणीकडे अन्न रवाना केले.

त्या २० मैलांत कॅमेरा तोच होता, भिंगही तेच होते. बदलले ते एका स्त्रीचे मन. गाडी वळली नसती, तर जगातला सर्वोत्तम कॅमेराही पिशवीतच राहिला असता.

परंतु ही हकीकत येथेच थांबविली, तर ती अर्धवट राहील. आपण त्या मातेचे नाव विचारले नाही, असे लँग यांनीच पुढे लिहिले आहे. फ्लॉरेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळले ते १९७८ साली, लँग यांच्या मृत्यूनंतर १३ वर्षांनी. आपला चेहरा सर्वत्र छापला गेला, पण आपल्याला त्यातून एक पैसाही मिळाला नाही, अशी खंत थॉम्पसन यांनी बोलून दाखविली. लँग यांनाही ते चित्र विकून धन मिळाले नव्हते. ते सरकारच्या मालकीचे होते. तरी थॉम्पसन यांची व्यथा खोटी ठरत नाही. ज्या नजरेने गाडी मागे वळविली, तिला आणखी एक पाऊल टाकावयाचे राहून गेले होते. म्हणजे दृष्टी ही केवळ कलावंताची देणगी नव्हे. समोरच्या माणसाचे ती देणे लागते.

आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये कॅमेरा आहे. लग्न असो वा दफनविधी, हात उंचावतात आणि क्षणार्धात शेकडो छायाचित्रे जमा होतात. त्यांतील किती आपण पुन्हा उघडून पाहतो? रडणाऱ्या विधवेवर मोबाइल रोखताना तिला ते रुचेल काय, हा विचार आपल्याला शिवतो काय? कोपऱ्यात एकट्या बसलेल्या आजोबांकडे त्या गर्दीत कोणाचे लक्ष जाते?

घरातील मुलाने कॅमेऱ्याचा हट्ट धरला, तर ऐपतीप्रमाणे तो जरूर घेऊन द्यावा. मात्र त्याबरोबर त्याला एवढेही शिकवावे, की ज्याचे चित्र काढायचे त्याच्याजवळ आधी घटकाभर बसावे, त्याची चौकशी करावी, त्याचे नाव विचारावे. मग कॅमेरा उचलावा. आणि कधी तसाच खाली ठेवावा लागला, तर त्यातही कमीपणा मानू नये.