अंतर आणि जवळीक

मुंबई आणि लंडन या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा असे थांबत १० जूनला लंडनला पोहोचले. आज हाच प्रवास न थांबता नऊ-दहा तासांत होतो; परतताना वारा पाठीशी असल्यामुळे तो आणखी थोडा लवकर सरतो. अंतर तेवढेच राहिले, काळ मात्र आटला. मग माणसाच्या कर्तव्याचे काय झाले?

समजा, वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात एखादी वृद्ध माता अंथरुणाला खिळली आहे आणि तिचा मुलगा लंडनला आहे. १९४८ साली तो वेळेवर पोहोचला नसता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. जे अशक्य, त्याचा जाब सदसद्‌विवेकबुद्धी विचारीत नाही. आज मुंबई, तेथून नागपूर आणि पुढे सुमारे पाऊणशे किलोमीटरचा रस्ता, ही वाट दीड-दोन दिवसांत संपते. न येणे ही पूर्वी परिस्थिती होती. आता तो पुष्कळदा निर्णय असतो. विज्ञानाने आपली सोय वाढवली, तशी आपली जबाबदारीही वाढवली.

हा युक्तिवाद खरा असला तरी अपुरा आहे. रजा, पैसा, परवाना यांच्या बेड्या अनेकांच्या पायांत असतात. शिवाय जो जवळ राहतो तो आपोआप कर्तव्यमुक्त होतो काय? लूकलिखित शुभवर्तमानातील दृष्टान्तात जखमी माणूस आणि याजक यांच्यामध्ये केवळ रस्त्याची रुंदी होती. लेवीही तेवढ्याच अंतरावरून निघून गेला. परका मानलेला शोमरोनी मात्र थांबला, आणि शेजारी ठरला.

त्या कथेतील एक तपशील आपल्या नजरेतून निसटतो. दुसऱ्या दिवशी शोमरोनीही पुढे निघून गेला. तो अखेरपर्यंत उशाशी बसला नाही. परंतु जाण्यापूर्वी त्याने स्वतःच्या हातांनी जखमा बांधल्या होत्या, उतारशाळेच्या मालकाजवळ पैसे ठेवले होते आणि परत येण्याचे वचन दिले होते. म्हणजे दूर असणे हे पाप नव्हे. पैसे पाठवून परतीची वाट विसरणे हे पाप होय.

ज्यांचे नाव त्या रुग्णालयाला आहे, ते विनोबा १९५१ साली वर्ध्याच्या परिसरातून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीपर्यंत पायी गेले. आगगाडी होती; ती त्यांनी घेतली नाही. त्याच यात्रेत, १८ एप्रिलला, पोचमपल्लीच्या भूमिहीनांचे गाऱ्हाणे त्यांच्या कानी पडले आणि भूदानाचा जन्म झाला. वेगाने गेले असते, तर त्या गावी ते थांबले असते काय?

विमान आपल्याला आजारी माणसाच्या दारापर्यंत आणील. दारापासून खाटेपर्यंतची चार पावले मात्र आपल्यालाच चालावी लागतात. परमेश्वरानेही देहधारण करून माणसापर्यंतचे अंतर स्वतःच तोडले. ते काम त्याने दुसऱ्या कोणावर सोपवले नाही.