व्रत आणि निगा
देवाने दिलेले कुरळे केस सरळ करावेत, की जसे आहेत तसे सांभाळावेत? 1930च्या दशकात जमैकात उभ्या राहिलेल्या रास्ताफारी पंथातल्या अनेकांना याचं उत्तर बायबलच्या गणना ग्रंथात मिळालं. तिथे नाजीर व्रत घेतलेल्याला, म्हणजे देवाला वाहून घेतलेल्याला, डोक्याला वस्तरा लावायची मनाई आहे. म्हणून ते केस न कापता त्यांच्या जटा होऊ देतात. पण व्रत घेतलं म्हणून हयगय चालत नाही. जटा धुवाव्या लागतात, आतपर्यंत वाळवाव्या लागतात. ओल राहिली की कुबट वास सुटतो.

डोक्याला असा मान इतरत्रही आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा परंपरेत तर माणसाचं प्राक्तनच मस्तकात वसतं.

मग घट्ट कुरळ्या केसांच्या निगेला नुसती हौस कसं म्हणावं? टाळूचं तेल त्या वळणांवरून टोकापर्यंत सहज उतरत नाही. टोकं कोरडी पडून तुटतात. म्हणून रोज शाम्पू नको. कंडिशनर लावून, केस ओले असतानाच, बोटांनी किंवा रुंद दातांच्या फणीने गुंता सोडवायचा, तोही टोकाकडून मुळाकडे. मग ओलाव्यावर तेलाचा हात, रात्री सॅटिनचा रुमाल. इथे घाई अजिबात चालत नाही, आणि हा संयम साधनेच्या फार जवळचा आहे.

जाच होतो तो बाहेरून. अमेरिकेत शाळा-कचेऱ्यांनी हेच केस गबाळे ठरवले. अखेर 2019मध्ये कॅलिफोर्नियाने केसांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध क्राउन कायदा केला. त्यात वेण्या, जटा आणि पीळ यांची नावं घेऊन संरक्षण दिलं आहे.