राजाचा नकार

1938 च्या अखेरीस औंधच्या राजांनी आपली सत्ता रयतेच्या हाती द्यायचं ठरवलं. आजच्या सातारा, सांगली, सोलापूर आणि विजापूर जिल्ह्यांत विखुरलेलं 72 गावांचं ते संस्थान. बाळासाहेब पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते, यांनी गांधीजींच्या सल्ल्याने घटना तयार केली आणि जानेवारी 1939 मध्ये ती लागू झाली. पायाशी गावपंचायत, तिच्यावर तालुका, माथ्यावर विधिमंडळ. आणि राजेही कायम. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं, प्रयोग तिथेच थांबला. पण त्यातला प्रश्न मला सोडत नाही. राज्य लोकांनीच करायचं असेल आणि राजाही ठेवायचा असेल, तर त्याच्या हातात नेमकं काय द्यायचं?

समजा, एका कल्पित राज्याची घटना आपल्याला लिहायची आहे. राजा ठेवण्याचं मला पटणारं कारण एकच. राष्ट्रप्रमुखाची खुर्ची कुणाला जिंकता येऊ नये. निवडणूक जिंकणाऱ्याला सरकार मिळावं; देशाचा झेंडा, शपथ आणि सेनेची निष्ठाही आपल्याच मालकीची झाली, असं मात्र त्याला वाटू नये. एवढ्यासाठी दुसरं कुणीतरी तिथे आधीच बसलेलं असणं उपयोगाचं आहे. पण तो बसलेला माणूस ‘नाही’ म्हणाला तर काय, हे लिहिलं नाही, तर बाकी सगळी कलमं पोकळ राहतात.

हे आपल्याच इतिहासात लख्ख दिसतं. शाहू महाराजांच्या पश्चात राज्य पुण्याहून चालू लागलं, तरी पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच यावी लागत. सत्ता एका गावात, मान्यता दुसऱ्या गावात. रचना म्हणून ती वाईट नव्हती. पण ऑगस्ट 1773 मध्ये शनिवारवाड्यात पेशवा नारायणरावाचा खून झाला आणि कसोटीची घडी आली. ज्याच्यावर खुनाचा ठपका होता, त्या रघुनाथरावालाच साताऱ्याहून वस्त्रं मिळाली. पुढच्याच वर्षी बारभाईंनी नारायणरावाच्या तान्ह्या मुलाला, सवाई माधवरावाला, पुढे केलं; चाळीस दिवसांच्या त्या बाळालाही साताऱ्यानेच वस्त्रं दिली. दोन्ही वेळा छत्रपती रामराजांच्या मर्जीला काडीची किंमत नव्हती. जो वरचढ, त्याच्याकडे वस्त्रं जात. खुनानंतर ‘नाही’ म्हणाले ते रामशास्त्री प्रभुणे. त्यांनी रघुनाथरावाला दोषी ठरवलं आणि पुणं सोडलं. एका न्यायाधीशाला जे जमलं ते गादीला जमलं नाही, आणि याचं सगळं खापर मी रामराजांवर फोडणार नाही. नकार दिला तर छत्रपतींच्या पाठीशी कोण उभं राहील, हे कुठे लिहिलेलंच नव्हतं.

मग राजाला नकाराचा पूर्ण हक्क देऊन टाकावा का? रोमचा ऑक्टोबर 1922 आठवला की हात आखडतो. मुसोलिनीचे काळे सदरेवाले राजधानीवर चालून येत होते. पंतप्रधान फाक्ता यांनी लष्करी कायद्याचा हुकूम सहीसाठी पुढे ठेवला आणि राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याने सही नाकारली. लगोलग मुसोलिनीलाच सरकार बनवायला बोलावणं गेलं. एका न झालेल्या सहीची किंमत इटलीने वीस वर्षं मोजली. उलट 23 फेब्रुवारी 1981 ला माद्रिदमध्ये लेफ्टनंट कर्नल तेहेरो बंदुका घेऊन संसदेत घुसला. मंत्रिमंडळ आत ओलीस होतं. मध्यरात्रीनंतर राजा हुआन कार्लोस सेनापतीच्या गणवेशात दूरदर्शनवर आला, आपण घटनेच्या बाजूने आहोत असं त्याने सांगितलं आणि बंड फसलं. रोममध्ये राजाने घात केला, माद्रिदमध्ये राजाने तारलं. या दोन प्रसंगांमधला फरक राजाच्या स्वभावावर सोडून देणारी घटना मला नको आहे.

म्हणून माझ्या राज्यात सैन्य बाहेर काढण्याचा अधिकार राजाला नसेल. त्यासाठी मंत्रिमंडळाचा हुकूम पुरेल, राजाची सही लागणारच नाही. रोमसारखी अडवणूक तिथेच संपते. मंत्रिमंडळ भेटूच शकत नसेल, ओलीस असेल, तेवढ्या वेळेपुरता राजाला एकच हुकूम देता येईल: सैन्याने बराकीत परत जावं. मंत्रिमंडळ सुटलं की त्याच क्षणी हा अधिकारही संपेल.

रोजच्या कायद्यांचं काय करायचं, हे मी बेल्जियमकडून घेईन. 1990 मध्ये गर्भपाताच्या कायद्यावर सही करणं राजे बोदवाँ यांच्या धर्मबुद्धीला पटेना. तसं त्यांनी पंतप्रधानांना लेखी कळवलं. मंत्रिमंडळाने ‘राजा राज्य करण्यास असमर्थ’ असं जाहीर केलं, सगळ्या मंत्र्यांनी मिळून कायद्यावर सह्या केल्या, आणि एका दिवसानंतर संसदेने राजांना पुन्हा गादीवर आणलं. काहींना हा घटनेच्या कलमाचा ओढून-ताणून केलेला वापर वाटला. मला त्यात मोठी सभ्यता दिसते. माणसाची सदसद्विवेकबुद्धी शाबूत राहिली आणि लोकांचा कायदाही अडला नाही. माझ्या घटनेत हे सरळ कलम म्हणूनच येईल: राजाला विधेयक कारणं लिहून एकदाच परत पाठवता येईल, ती कारणं प्रसिद्ध होतील, आणि दहा दिवसांत सही झाली नाही तर ती झाली असं धरलं जाईल. प्रजासत्ताकात राहून हे कशाला हवं, असं कुणी विचारलं तर आपल्या राज्यपालांकडे पाहावं. विधेयकावर किती दिवसांत निर्णय घ्यायचा, याची ठोस मुदत आपल्या घटनेच्या 200 व्या अनुच्छेदात नाही, आणि त्यापायी राज्य सरकारांना सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. मौन हा लांबवलेला नकारच असतो, आणि त्याविरुद्ध दाद मागणं अवघड असतं म्हणून तो जास्त घातक.

हुआन कार्लोसची गोष्ट माद्रिदच्या त्या रात्रीपाशी थांबत नाही. स्पेनच्या घटनेत राजाला खटल्यापासून संरक्षण आहे. 2014 मध्ये त्याने गादी सोडली, पुढे पैशांच्या व्यवहारांची चौकशी लागली आणि 2020 मध्ये तो देश सोडून गेला. एका रात्रीच्या पुण्याईवर आयुष्यभराची माफी देऊ नये. मलेशियाने 1993 मध्ये आपल्या सुलतानांचं हे कवच काढलं आणि त्यांच्यासाठी विशेष न्यायालय नेमलं. ते मी जसंच्या तसं उचलेन.

निवृत्ती आणि पदच्युती भूतानकडून. तिथल्या 2008 च्या घटनेप्रमाणे राजाने पासष्टाव्या वर्षी पायउतार व्हायचं असतं, आणि त्याने जाणूनबुजून घटना मोडली तर संसद आणि मग सार्वमत त्याला काढू शकतं. जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी त्याआधीच, 2006 मध्ये, आपण होऊन गादी मुलाला दिली. राजाने स्वतःला काढण्याची वाट स्वतःच आखून द्यावी, हे दुर्मीळ आहे आणि मला त्याबद्दल मनापासून आदर वाटतो. पण त्याच राजाच्या कारकिर्दीत 1985 चा नागरिकत्व कायदा झाला, 1958 च्या वास्तव्याचे पुरावे मागितले गेले, आणि नव्वदच्या दशकात सुमारे एक लाख नेपाळीभाषक भूतानी नेपाळच्या छावण्यांत पोचले. पुढे जी सुंदर घटना आली, तिच्यावर मत मांडायला ते देशात नव्हते.

म्हणून राजाचं प्रकरण माझ्या घटनेत दुसरं येईल. पहिल्यात लिहिलेलं असेल की या भूमीवर जन्मलेल्या कुणाचंही नागरिकत्व राजाला, मंत्रिमंडळाला किंवा संसदेच्या कितीही मोठ्या बहुमताला काढून घेता येणार नाही, आणि हे कलम बदलण्यासाठी मतदान घ्यायचं झालं तर ज्यांचं नागरिकत्व पणाला लागलं आहे त्या गटाचं बहुमत वेगळं मोजून मिळवावं लागेल.