नाबोथाचा मळा आणि निजामाचे जहागीरदार

शब्बाथ शाळेची मुले हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात नेली म्हणजे ती रिबकेच्या पुतळ्यापाशी हटकून थांबतात. बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराने संगमरवरात कोरलेली ही मूर्ती. तिच्या तोंडावरचा झिरझिरीत पडदादेखील दगडाचाच. पहिल्या सालारजंगांनी ती 1876 साली रोम येथे खरेदी केली. उत्पत्तीच्या 24 व्या अध्यायातली गोष्ट मुलांना आठवते, शिक्षकांना समाधान वाटते, आणि सारे पुढच्या दालनाकडे वळतात. एवढी संपत्ती या घराण्याकडे कोठून आली, असे सहसा कोणी विचारीत नाही. हे घराणे निजामाच्या राज्यातले मोठे जहागीरदार होते, आणि आपल्या मराठी मुलखातील अजिंठा गाव त्यांच्याच जहागिरीत होते.

निजामाच्या राज्याचा सुमारे दोनपंचमांश मुलूख सरकारच्या दिवाणी कारभाराबाहेर होता. निजामाची खासगी सर्फेखास, पायगा घराण्यांचे इलाखे आणि लहानमोठ्या जहागिरी त्यात येत. आता जहागीर म्हणजे खरे पाहता मालकी नव्हे. चाकरीबद्दल गावांचा वसूल लावून दिलेला असे. जहागीरदार वारला की जहागीर सरकारजमा व्हायची आणि वारसाच्या नावे नव्याने करून द्यायची, असा नियम. हे वाचताना लेवीय 25 ची आठवण होते. तेथेही जमीन माणसाची नाही, देवाची आहे. परंतु भेद पहा. योबेल वर्षी जमीन परत जाई ती गरिबीमुळे तिला मुकलेल्या कुटुंबाकडे. जहागीर परत जाई ती राजाकडे, आणि तेथून पुन्हा सरदाराच्या मुलाकडे. नांगर धरणाऱ्याचे नाव त्या येण्याजाण्यात कोठेच नसे.

नवाब बहुधा शहरात, आपल्या देवडीत राहात. गावी असत त्यांचे कारभारी. मोठ्या जहागिरींत पोलीसही धन्याचे आणि न्यायकचेरीही धन्याचीच. वसूल जास्त घेतला, वेठीला धरले, तर रयतेने दाद मागायची ती त्याच कचेरीत. माझ्या मते सगळे मर्म येथे आहे. धान्याचे कोठार आणि न्यायासन एकाच घरात आल्यावर तक्रार कोणाकडे न्यावी?

जहागीरदार सगळेच दुष्ट नव्हते, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. पहिले सालारजंग 1853 साली दिवाण झाले तेव्हा सरकारी वसूल मक्त्याने दिला जात असे व मक्तेदार रयतेला पिळून काढीत. त्यांनी ती रीत मोडली, पगारी अंमलदार नेमले, 1865 साली जिल्हे पाडले. पण ही सुधारणा जहागिरींच्या शिवेपाशी थांबली. आपल्या मंडळीवर तर त्यांच्या कारकिर्दीचे ऋण आहे. जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांसाठी बेथेल गाव वसविले. त्यांत मातंग समाजातील लोक बरेच होते. त्या गावासाठी जमीन मिळाली ती निजाम सरकारकडूनच. आपल्या पूर्वजांनी उपकार मानले, ते योग्यच केले. तरीसुद्धा ती जमीन एका सहृदय दिवाणाच्या मर्जीने मिळाली होती. धनी चांगला निघाला म्हणून व्यवस्था न्याय्य ठरते काय?

1 राजे 21 वाचा. अहाबाने नाबोथाला स्वतः बोटही लावले नाही. तो बिछान्यावर तोंड फिरवून पडला होता. पत्रे ईजबेलीने लिहिली, त्यांवर मोहर अहाबाची होती, आणि खोटा खटला उभा केला तो नाबोथाच्याच नगरातील वडिलांनी व सरदारांनी. मला काही ठाऊक नव्हते, असे अहाब म्हणू शकला असता. पण त्याला काय ठाऊक होते हे एलीयाने विचारलेच नाही. त्याने विचारले ते खुनाविषयी आणि ताब्याविषयी. देवडीतल्या नवाबाला कारभाऱ्याने गावात काय केले ते ठाऊक नसेल, हे मी सहज मान्य करीन. मात्र ठाऊक नसण्याची ही सोय त्याला त्याच्या सत्तेनेच मिळवून दिली होती. कुणब्याला ती सोय नव्हती.

सप्टेंबर 1948 मध्ये निजामाची राजवट संपली आणि 15 ऑगस्ट 1949 च्या कायद्याने जहागिरी गेल्या. जहागीरदारांना मोबदला मिळाला. वेठ करणाऱ्यांचा हिशेब कोणी काढला नाही.

आता थोडे आपल्या आवारात पाहू. मिशनऱ्यांनी मागे ठेवलेल्या शाळा, दवाखाने, बंगले आणि त्यांभोवतीची जमीन आपल्या विश्वस्तांकडे आली. हेही चाकरीसाठी सोपविलेलेच आहे. कोठे कोठे विश्वस्तपद बापामागून मुलाकडे जाते, आणि जमीन कोणाला व कितीला भाड्याने दिली असे एखाद्या विधवेने विचारले, तर तिचा अर्ज त्याच चार माणसांच्या कमिटीपुढे येतो. ती माणसे बहुधा सज्जनच असतात.

शब्बाथ शाळेत नाबोथाची गोष्ट सांगताना आपण दुष्ट राणी रंगवून सांगतो, आणि मुलांनाही ते आवडते. पुढच्या वेळी नगरातल्या त्या वडिलांपाशी जरा थांबावे. मोहर केलेले पत्र हाती पडले त्या संध्याकाळी ते एकमेकांशी काय बोलले असतील? एकाने तरी नकार द्यावा असे म्हटले असेल का, आणि बाकीच्यांनी त्याला काय सांगून गप्प केले असेल? मोठ्या वर्गातल्या मुलांना हे विचारून पहा. वर्गात कोणा विश्वस्ताचा मुलगा असेल, तर त्यालाही उत्तर देऊ द्या.