माघातली बाग आणि मधमाशी

माघ लागला की शहरातल्या बागांची साफसफाई सुरू होते. थंडीतली पालेभाजी जून झालेली असते, मुळ्याला दांडे आलेले असतात, कोथिंबिरीवर बारीक पांढरी फुलं धरलेली असतात. आता यात काही राम नाही म्हणून आपण वाफा उपटून टाकतो आणि पालापाचोळा गोळा करून पेटवून देतो. मधमाश्यांना मदत करायची असेल तर सगळ्यात आधी हा हात आवरायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

मदत म्हटली की आपल्याला काहीतरी द्यायचं सुचतं. साखरेचं पाणी ठेवावं, हा सल्ला तर मोबाइलवर हमखास येतो. तो आला आहे थंड देशांतून. तिथे हिवाळा संपत येताना पोळ्यातला मध संपू लागतो आणि बाहेर फूल नसतं. अशा वेळी पेटीत साखर ठेवणं, लवकर फुलणारे कंद लावणं योग्यच. आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात मात्र माश्यांची उपासमार होते ती पावसाळ्यात, आणि मधपाळ साखरेचा पाक देतात तोही त्याच दिवसांत. माघ-फाल्गुनात शेवगा फुलांनी लगडलेला असतो, पांगारा, काटेसावर आणि पळस फुलतात, पाठोपाठ जांभूळ आणि करंज येतात. माश्यांची ही सुगी असते. सुगीच्या दिवसांत त्यांना दान नको असतं. त्यांची फुलं, त्यांची जागा आणि स्वच्छ पाणी शाबूत राहिलं तरी पुरतं.

मधमाशी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मध देणारीच येते: झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी, उंच कड्याला किंवा इमारतीला लटकणारी आग्या, झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढं पोळं बांधणारी फुलोरी. पण बागेत मध न देणाऱ्या, एकेकट्या राहणाऱ्या माश्याही खूप असतात आणि त्यांच्याकडे आपलं लक्षच नसतं. सकाळी ऊन तापू लागलं की वांग्याच्या फुलाशी थोडा वेळ थांबून पाहा. काळा भुंगा येतो, फुलाला खालून कवटाळतो, पंख मिटतो आणि छातीचे स्नायू थरथरवतो. उडतानाची त्याची गुणगुण एकदम चढ्या सुराची होते. वांग्याच्या परागकोशांना टोकाशी फक्त बारीक भोकं असतात. त्या थरथरीने पिवळी भुकटी तिथून भुंग्याच्या पोटावर सांडते. सातेरीला ही विद्या अवगत नाही. टोमॅटोचं फूलही अशाच थरथरीने पराग सोडतं.

हा भुंगा घर करतो वाळक्या लाकडात किंवा बांबूत. निळ्या पट्ट्यांची माशी मातीत, कच्च्या भिंतीत बीळ कोरते. आपण वाळकी फांदी तोडतो, मातीवर पेव्हर ब्लॉक बसवतो आणि मग वांग्याला फळ का धरत नाही म्हणून खतं बदलत बसतो. गुलाबाच्या पानाची कड कात्रीने कापल्यासारखी गोल कातरलेली दिसली तर ती पानकापी माशीची करामत समजावी. ते तुकडे ती पिलांच्या कोठड्यांना अस्तर म्हणून लावते. झाडाला त्याने काही होत नाही. रोग समजून त्यावर औषध मारणारे पुष्कळ आहेत.

औषधाचा विषय निघाला म्हणून सांगतो. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे येतात आणि त्यांच्यासाठी इमिडाक्लोप्रिड मारलं जातं. ते झाडाच्या रसात भिनतं आणि मध-परागापर्यंत पोहोचतं. युरोपीय संघाने 2018 मध्ये त्याच्यासह तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली. बागायतदाराचं वर्षाचं पोट मोहोरावर असतं, त्याची अडचण मी समजू शकतो. पण अंगणातल्या एका आंब्यासाठी हे विष आणायची काय गरज? कडुनिंबाचं तेल फवारायचं असेल तर तेही संध्याकाळी, पानांवर. फुलांवर मुळीच नको.

माशी आली नाही तर काय होतं, हे कांद्याचं बियाणं पिकवणाऱ्या शेतकऱ्याला विचारावं. कांद्याच्या फुलात पराग आधी तयार होतो आणि स्त्रीकेसर नंतर, त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेणारं कुणीतरी लागतंच. हिवाळा सरताना शेतात पांढरे गोंडे डोलत असतात. माशी फिरकली नाही तर त्यांत दाणा भरत नाही.

सोसायटीच्या गच्चीखाली आग्या मोहोळ लागलं की लगेच कीटकनाशकवाल्याला बोलावतात. लोकांची भीती खोटी नाही, आग्या चवताळली तर जिवावर बेतू शकतं. मात्र ही स्थलांतर करणारी माशी आहे, फुलोरा संपला की आपणहून निघून जाते. पोळं वर्दळीपासून दूर असेल तर खाली धूर, फटाके आणि रात्रीचा झगझगीत दिवा टाळला की बहुतेकदा भागतं. अगदी वाटेवरच असेल तर ते न मारता हलवणारे जाणकार शोधावेत.

बाकी करायचं ते थोडकं आहे. उथळ थाळीत खडे घालून पाणी ठेवा आणि ते रोज बदला. मंजिऱ्या खुडल्या की तुळस फोफावते हे खरं, तरी निम्म्या राहू द्या. झेंडू आणायचा तर एकेरी पाकळ्यांचा आणा. गच्च पाकळ्यांच्या फुलात माशीच्या हाती फारसं काही लागत नाही. आणि या आठवड्यात वाफा उपटायचा बेत असेल तर तो महिनाभर पुढे ढकला. तोवर कोथिंबिरीची फुलं माश्यांना मिळतील आणि तुम्हाला घरचे धणे.